काढून टाका

गावात गॅरेजं तीन होती आणि तिन्हींचे मालक 'बघू' म्हणायचे. चौथं गॅरेज निघालं तेव्हा त्याच्या मालकाचं नाव विचारायच्या आधीच गावानं त्याचं बारसं उरकून टाकलं: होईल. कारण काहीही विचारा, उत्तर एकच. क्लच घसरतोय? होईल. दार वाजतंय? होईल. एकानं गंमत म्हणून विचारलं, आमच्या सासूबाईंचा स्वभाव जरा सैल करून मिळेल का, तर गाडीखालून आवाज आला, "होईल, संध्याकाळी या."

माणूस कामाला वाईट नव्हता. उलट जरा जास्तच चांगला होता, आणि सगळा घोटाळा तिथंच होता. सांगितलेलं काम करून थांबणं त्याला जमायचंच नाही. पंक्चर काढायला आलेल्या माणसाचा कार्बोरेटर तो न विचारता साफ करायचा, आरसा घट्ट करायला आलेल्याला दोन्ही दारांना नवं रबर लावून द्यायचा. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्याची बायको जाड सुईच्या शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. ती म्हणायची, "लोक तुमच्याकडे बोट मागतात आणि तुम्ही हात उपटून देता. एखाद्याला नको असेल तो हात." होईल हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

दोघं बाहेरगावाहून आलेली. पहिलं गॅरेज रस्ता रुंद करताना गेलं, म्हणून इथं नव्यानं मांडामांड. त्यामुळे या गावात कोण कुणाचं कोण लागतं, कोणत्या गोष्टीवर हसायचं आणि कोणत्या गोष्टीवर हसायचं नाही, हे त्यांना अजून कळायचं होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही त्याला उगाच दोष देणार नाही. द्यायचाच असेल तर थोडा द्या.

एका सकाळी समोरचा किराणा दुकानदार ओरडला, "बाळंतीण आली, बाळंतीण आली! जागा द्या!" होईल हात पुसत बाहेर आला, तर कोपऱ्यावरून एक गाडी येत होती. काळी, पोट सुटलेली, बटबटीत गोल दिव्यांची. मागची दारं उलटी, म्हणजे मागून पुढे नव्हे तर पुढून मागे उघडणारी. असली गाडी बनवणारा कारखानाच बंद पडून जमाना लोटला होता. ती इतक्या सावकाश येत होती की एक कुत्रं तिच्यापुढून चालत गेलं, मधेच बसलं, कान खाजवला आणि मग उठलं. चालवणारी बाई एवढी बारकी होती की ती स्टिअरिंगच्या वरून नव्हे, मधल्या फटीतून रस्ता बघत होती. ही नर्सबाई. निवृत्त झाल्यावरही गाव त्यांना दुसऱ्या नावानं ओळखत नव्हतं.

बाळंतीण! चाल आणि पोट बघून दिलेलं नाव असणार, होईलच्या मनात आलं, आणि तो खो खो हसला. त्याच्याबरोबर दुसरं कुणीच हसलं नाही. ही गोष्ट त्यानं तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती.

बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "खालचा पत्रा गंजलाय. मागचं सगळं काढून टाका आणि पत्रा नवा मारा."

"होईल," होईल म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. दोन मोजकं बोलणारी माणसं एकमेकांना भेटली की नुकसान ठरलेलं.

आता 'काढून टाका' हे आपल्या भाषेतलं मोठं लबाड प्रकरण आहे. डॉक्टर म्हणतो, शर्ट काढून टाका. तेव्हा तो शर्ट कुणी खिडकीतून फेकत नाही. पण तोच डॉक्टर म्हणाला, दाढ काढून टाका, तर ती काढलेली दाढ कुणी पुन्हा घालायला ठेवत नाही. काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे आपण शब्दावरून ओळखत नाही, वस्तूकडे बघून ओळखतो. होईलनं वस्तूकडे बघितलं. सीटचं कव्हर विरलेलं, फाटीतून काथ्या बाहेर आलेला, सगळीकडे डाग. त्यानं ठरवलं, ही दाढ आहे. नेमका भंगारवाला हातगाडी घेऊन समोरून चालला होता. त्याला हाक मारली आणि विषय संपला.

मग पत्र्याचं काम त्यानं असं केलं की बघत राहावं. गंजलेला भाग कापून काढला, नवा पत्रा बेतून, वेल्डिंग करून बसवला, खालून डांबरी रंगाचे हात दिले. खरं तर इथं थांबायचं होतं. पण थांबेल तर तो होईल कसला! त्यानं नवं, मऊ, फोमचं सीट केलं. बायकोनं त्यावर जांभळट लाल रेक्झीन चढवलं, कडेला पायपिंग, डबल शिलाई. आत धरायला नवी कोरी प्लास्टिकची हँडलं. हे सगळं बाईंनी सांगितलेलं नव्हतं आणि तो त्याचे पैसेही घेणार नव्हता. बाई खूश होतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

बाई गाडी न्यायला आल्या. त्यांनी मागचं दार उघडलं. आत वाकून त्यांचा हात दाराच्या वरच्या बाजूला गेला, तिथं क्षणभर चाचपडला आणि खाली आला.

"जुनं कुठंय?"

"टाकलं की. तुम्हीच म्हणालात ना बाई, काढून टाका."

"काढून टाका म्हणाले," बाई म्हणाल्या. "टाकून द्या म्हणाले का?"

होईलला वाटलं, विनोद आहे. तो हसायला लागला आणि बाईंचा चेहरा बघून मधेच थांबला. बाई गाडीच्या पायरीवर टेकल्या, थोडा वेळ बसल्या, मग उठून म्हणाल्या, "गाडी इथंच राहू दे." आणि पर्स काखेत मारून पायी निघून गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन वर पाणी पिण्याची सवय होती त्याला. हे न बोलता चालत जाणं मात्र त्याच्या पचनी पडेना. संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "अगं, एवढं चांगलं सीट करून दिलं!" बायको म्हणाली, "हात उपटून दिलात. नको होता त्यांना." आणि मशीन चालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा किराणा दुकानदार रस्ता ओलांडून आला. या माणसाकडे गाडीच काय, धड सायकलही नव्हती.

"बाई पायी फिरतायत," तो म्हणाला. "गाडीचं मागचं सीट तुम्ही टाकलंत म्हणे."

"टाकलं. तुम्हाला काय करायचंय?"

"मी त्यावर जन्मलोय."

होईलला वाटलं, हा सकाळीच घेऊन आलाय. पण दुपारी बँकेतला कॅशिअर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, लाल रेक्झीनकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "मी आणि माझी धाकटी बहीण, दोघंही इथंच." मग हवालदार आला, बरोबर हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा भाऊ. होईलच्या तोंडचं पाणी पळालं. हवालदार म्हणाला, "आम्ही जुळे. मी सीटवर झालो, हा पायाशी. याला अजून तो राग आहे." भाऊ काही बोलला नाही, खरंच राग असावा. आणि होईल दाढी करायला गेला तेव्हा तर न्हाव्यानं गळ्याशी आलेला वस्तरा तिथंच थांबवला आणि शांतपणे विचारलं, "बाईंचं सीट ते तुम्हीच ना?"

असं तुकड्यातुकड्यांनी त्याला सगळं कळत गेलं. इस्पितळ चढापलीकडे. पूर्वी तिकडे जायला गाडी नाही, बोलावली तर यायची नाही, आली तर चढावर बंद पडायची. तेव्हा तरुण असलेल्या नर्सबाईंनी एका म्हाताऱ्या डॉक्टरची ही जुनी गाडी घेतली, मैदानात स्वतःच शिकल्या, आणि पुढे जवळजवळ सगळं आयुष्य अडलेल्या बायकांना मागे घालून चढ चढत राहिल्या. मूल काही इस्पितळाची वाट बघत थांबत नाही. अर्धं गाव इस्पितळात जन्मलं आणि उरलेलं अर्धं वाटेत.

होईल दारात उभ्या असलेल्या त्या गाडीकडे आता वेगळ्या नजरेनं बघायला लागला. हजारो इंजिनं उघडलेला माणूस. गाडी म्हणजे पत्रा, तेल आणि नटबोल्ट, यापलीकडे त्याचा विश्वास नव्हता. पण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस गाडीजवळ येताच नकळत पाऊल हळू करायचा, एखादी बाई बॉनेटला हात लावून पुढे जायची, आणि ते बघून त्याच्या अंगावर काटा यायचा. एका एवढ्याशा बाईनं, स्टिअरिंगच्या फटीतून बघत, हे सगळं गाव इथवर आणून सोडलं होतं! तो पहिल्यांदा घाबरला तो गावाला नाही, त्या गाडीला. तिच्यात बसायचं म्हटलं तर त्याचा पाय उचलेना.

चहाच्या दुकानात मात्र वेगळीच लढाई जुंपली होती. चूक कुणाची? शाळेत भाषा शिकवणारे मास्तर म्हणाले, "'काढून टाकणे' यातलं 'टाकणे' हे सहायक क्रियापद आहे. त्याला स्वतःचा अर्थ नसतो. होईलनं ध चा मा केला. बाई बरोबर, होईल चूक." त्यावर मास्तरांची बायको म्हणाली, "हो का? माळा आवरताना मी 'पुस्तकं काढून टाका' म्हटलं तेव्हा तुम्ही माझी पुस्तकं रद्दीत घातलीत, ती कोणत्या क्रियापदानं?" व्याकरण तिथंच आटोपलं.

पण गॅरेजात काम येईना. लोक यायचे, बघायचे, जायचे. 'होईल' म्हणायची वेळच कुणी आणत नव्हतं. बायको म्हणाली, "इथूनही उठायचं का आपण?" तेव्हा होईल उठला तो थेट भंगारवाल्याकडे गेला.

भंगारवाल्यानं काथ्या केव्हाच जाळला होता, लाकूड कुणीतरी चुलीला नेलं होतं. उरल्या होत्या नुसत्या स्प्रिंगा. त्या कुठल्या गाडीच्या हे ऐकल्यावर भंगारवाला मटकन खाली बसला. "बाळंतिणीचं सीट?" त्यानं कपाळावर हात मारला. "मी त्यावरच झालो हो! आणि मीच कोयत्यानं फाडलं!" होईलला त्याचीच समजूत घालावी लागली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथं तर दोन चोर एकमेकांचे डोळे पुसत बसले होते.

स्प्रिंगा गोणीत घालून होईल बाईंच्या घरी गेला. दोन खोल्या, इस्पितळासारख्या स्वच्छ. पलंगावरची चादर अशी ताणून बसवलेली की त्यावर टाकलेलं नाणं उडालं असतं. त्याला वाटलं होतं, भिंतभर बाळांचे फोटो असतील. भिंतीवर घड्याळाशिवाय काही नव्हतं.

त्यानं गोणी जमिनीवर ठेवली आणि मान खाली घातली. "बाई, एवढंच राहिलंय."

बाईंनी आत बघितलं. "हे काय?"

"सीट."

"स्प्रिंगांचं काय घेऊन बसलात!" बाई म्हणाल्या. "ते सीट मी कितीदा बदललं मलाच आठवत नाही. बाळंतपण म्हणजे काय पत्त्यांचा डाव असतो? रक्त, पाणी, सगळंच. दर एकदोन वर्षांनी नवं करावंच लागायचं."

होईल बघतच राहिला. "मग हे अख्खं गाव..."

"गावाला सांगू नका. गाव खूश आहे."

त्याला हायसं वाटलं. एवढं हलकं वाटलं की तो उठून निघायच्याच बेतात होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मला पट्टा हवा होता."

"पट्टा?"

"मागच्या दाराच्या वर, डाव्या हाताला. चामड्याचा. तो एकदाही बदलला नाही." बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. एरवी एका वाक्यात भागवणारी ही बाई त्या दिवशी बोलत राहिली, होईलकडे न बघता. "कळ आली की बाईचा हात वर जातो, काहीतरी धरायला. घरी असले तर मी माझा हात द्यायची. पण मी गाडी चालवत असायची ना. पाठीमागे ती ओरडतेय आणि मला मागे बघतासुद्धा येत नाहीये. म्हणून तो पट्टा. मी सांगायची, त्याला धर, तो माझाच हात आहे समज. सगळ्यांनी धरला. नखं रुतवली, पिरगाळला, चावल्यासुद्धा."

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"एक जण पोचली नाही," बाई म्हणाल्या. "चढावरच मूल झालं. झालं व्यवस्थित, पण हिचं रक्त थांबेना. मी सगळं केलं. मग पुन्हा स्टिअरिंगवर बसले, म्हटलं आता उडवत नेते. तर मागे आवाजच नाही. वळून बघितलं. मूल पोटावर घेतलेलं, आणि पट्टा दातात धरलेला. ओरडायचं नव्हतं तिला. मूल दचकेल म्हणून. मूल झोपलं होतं ना."

होईलनं खाली बघितलं.

"मग पुढे जाऊन करायचं काय होतं? गाडी वळवली. ते मूल म्हणजे आपली टपालवाली."

टपालवालीला होईल ओळखत होता. सायकलवरून टपाल वाटणारी, घंटी न वाजवता शीळ घालणारी, त्याच्याच गॅरेजच्या दारात रोज थांबणारी.

"तिच्याकडे आईचा फोटो नाही," बाई म्हणाल्या. "बाप दुसरीकडे निघून गेला. वाढदिवसाला ती माझ्याकडे येते. शेडमध्ये उभ्या गाडीत मागे बसते, पट्टा धरते, थोड्या वेळानं जाते. चहासुद्धा करू देत नाही. येत्या रविवारी यायची आहे ती. तिला काय सांगू एवढंच मला सुचत नाहीये. बाकी तुमच्यावर माझा राग नाही."

होईलची मात्र पाचावर धारण बसली होती. कारण पट्टा भंगारात गेला नव्हता. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, कारण तोवर खुद्द होईलच्याही लक्षात नव्हतं. मागचं सगळं काढताना तो पट्टा त्याच्या हाताला मजबूत लागला होता. त्याच दिवशी गॅरेजच्या शटरची कडी तुटली होती. त्यानं पट्टा शटरला बांधला होता. तेव्हापासून रोज सकाळी शटर वर आणि रोज संध्याकाळी खाली, ग्रीसनं माखलेल्या हातानं, वर दोन शिव्या हासडत, तो तोच पट्टा ओढत होता.

"बाई, मी आलोच," म्हणून तो जो सुटला तो गॅरेजपर्यंत धावत आला.

बायको मशीनवर होती. त्यानं धापा टाकत सगळं सांगितलं. मशीन थांबलं. ती उठली, शटरपाशी गेली आणि गाठ सोडायला त्याला हात लावू न देता स्वतः सोडली. पट्टा काळाकुट्ट झाला होता. तो रॉकेलचा डबा घेऊन आला तर ती अशी कडाडली की त्यानं डबा जिथल्या तिथं ठेवला. "चामडं आहे ते, पिस्टन नाही!" तिनं कोमट पाण्यात फडकं पिळलं, साबणाचा नुसता फेस घेतला आणि मशीनवरच्या दिव्याखाली बसून बोटभर बोटभर पुसायला लागली. तो शेजारी उकिडवा बसला.

ग्रीस निघत गेलं आणि खालून तपकिरी चामडं वर आलं. त्यावर आधी एक बारीक कोर दिसली, नखाएवढी. मग तिच्याशेजारी दुसरी. मग चारचार एका ओळीत. मग कोरींवर कोरी, एकीत एक गुंतलेल्या, जुन्या पुसट आणि नव्या खोल, इतक्या की चामड्याला मूळचा पृष्ठभाग म्हणून उरलाच नव्हता. मधला भाग तर इतक्या जणींनी आवळला होता की तो दोन्ही कडांनी झिजून मुठीएवढाच अरुंद झाला होता. होईलला वाटलं, आपण काहीतरी असं बघतोय की जे पुरुषमाणसानं चप्पल काढून बघावं. तो खरंच उठला, चपला बाहेर काढून आला आणि पुन्हा बसला. बायको हसली नाही.

"मला पलंगाची कड होती," ती म्हणाली. "लोखंडाची. तिच्यावर काही उमटलं नसेल." आणि तिनं त्या अरुंद जागी मूठ आवळली. तिची मूठ तिथं चपखल बसली. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. होईलनं मात्र हात लावला नाही. त्याला धीर झाला नाही.

मग तिनं टोकाकडचा भाग पुसला. तिथं दोन कमानी होत्या, समोरासमोर. लहान, नीटस दातांच्या. वरच्या कमानीत एका दाताची जागा मोकळी होती.

बायकोनं तो भाग पुसायचं थांबवलं आणि तेवढ्यावर फडक्यानं नुसतं टिपलं.

पट्टा सावलीत वाळवला, तेलाचं बोट फिरवलं आणि होईलनं तो जागच्या जागी बसवला. जुने स्क्रू त्यानं डबीत जपून ठेवलेले होते. मेकॅनिक एकवेळ स्वतःचं लग्न विसरेल पण स्क्रू टाकणार नाही. मग तो बाईंना घेऊन आला. बाईंनी आत हात घातला, पट्टा चाचपला, अंगठा त्या दोन कमानींवरून फिरवला आणि दार लावून घेतलं.

"शटरचं तिला तुम्ही सांगायचं," बाई म्हणाल्या.

"सांगायलाच हवं?"

"तिची वस्तू आहे. तिच्या वस्तूचं काय झालं ते तिला कळायला नको?"

रविवारी टपालवाली आली, गणवेशाशिवाय, साध्या कपड्यांत. शीळ नव्हती. बाई आणि होईलची बायको गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. होईलनं सगळं सांगितलं. काढून टाका, भंगारवाला, कडी, शटर. मधे दोनदा अडखळला, पण ग्रीस आणि शिव्यासुद्धा सांगितल्या. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ही एक ठेवून देईल तर बरं.

तिनं वर शटरकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "रोज ओढायचात?"

"रोज, ताई."

"जोरात?"

"शटर जाम आहे. जोरातच ओढावं लागतं."

"आणि तुटला नाही?"

"नाही."

तिनं मान हलवली. "नाहीच तुटणार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला. राग नव्हता तो. अभिमान होता.

ती मागे बसली. लाल रेक्झीनवर एकदा हात फिरवून म्हणाली, "मऊ केलंत." मग तिनं पट्टा धरला. थोड्या वेळानं काच खाली करून तिनं विचारलं, "बाई, गाडी चालू आहे ना? मी कायम उभ्या गाडीतच बसलेय."

बाईंनी पर्समधून किल्ली काढली. क्षणभर हातात धरली आणि होईलपुढे केली. "तुम्ही चालवा. मला आयुष्यभर मागे बघता आलं नाही." आणि त्या टपालवालीच्या शेजारी जाऊन बसल्या.

होईल स्टिअरिंगवर बसला. त्यानं किल्ली फिरवली. गाडी कोपऱ्यावर आली तसे लोक बाजूला झाले, किराणा दुकानदार दुकानाबाहेर आला, न्हावी वस्तरा घेऊन तसाच दारात उभा राहिला. कुठं जायचं हे होईलनं विचारलं नाही. त्यानं गाडी चढाकडे घेतली. दुसऱ्या गिअरवर इंजिन घुरघुरत होतं, मधेच खोकत होतं, आणि तो मनातल्या मनात त्या म्हाताऱ्या गाडीला हात जोडत होता.

अर्ध्या चढावर एक वळण होतं. मागून बाई हळू आवाजात म्हणाल्या, "इथं."

होईलचा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबू नका," टपालवाली म्हणाली.

त्यानं गाडी हाकली. आरशात त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता वर गेलेला हात दिसत होता आणि पट्ट्याभोवती पांढरी पडलेली बोटं. चढ संपला, रस्ता खाली उतरला आणि समोर इस्पितळाचं फाटक आलं. रविवार असल्यानं बाहेर कुणी नव्हतं. पहारेकरी ती गाडी बघून खुर्चीवरून ताडकन उठला, पळत आला, आणि सवयीनं चाकाच्या खुर्चीकडे वळला.

"बाई! पेशंट आहे का? नाव काय लिहू?"

"नाव नको लिहूस," बाई म्हणाल्या. "हिच्या आईला पोचवायचं राहिलं होतं."

पहारेकऱ्याला काही कळलं नाही, पण त्यानं फाटक सताड उघडलं. होईलनं गाडी अगदी पायऱ्यांपर्यंत नेली, इंजिन बंद केलं आणि मागचं दार उघडायला खाली उतरला.